ऐच्छिक विषय

फॉर्मवर दोन चौकोन आहेत.
एकात उच्चदाब अभियांत्रिकी,
दुसऱ्यात डेटा स्ट्रक्चर्स, संगणक विभाग, तिसरा मजला.
शुक्रवारी पाचपर्यंत खूण करायची.
फॉर्म सॅकमध्ये कोंबून मी रत्नागिरीहून हर्णैला आले,
कारण बर्फाच्या फॅक्टरीतून फोन होता
आणि पपा पहिल्यांदाच म्हणाले होते, तू पण ये.

पपा जळलेल्या मोटारी पुन्हा बांधतात.
बंदराच्या चढावर दहा बाय बाराचं दुकान,
वार्निशचा वास, करपलेल्या तांब्याचा वास,
वरून सुकटीचा.
लहानपणी फेरे मोजणं हे माझं काम.
ते हँडल फिरवत, मी मोठ्यानं एक्काहत्तर, बहात्तर,
मध्येच कुणी कोळीण हाक मारून जाई
आणि माझा आकडा सांडे.
पपा हँडल धरून ठेवत. म्हणत,
चुकलीस तर चालेल.
चुकले नाही असं सांगू नकोस.

कॉलेजात पहिला लूप लिहिला
तेव्हा उजवा हात आपोआप गोल फिरला.
शेजारचा अन्वर हसला.

वर्गात दोन तट.
प्रसन्न म्हणतो, नोकऱ्या सगळ्या तिकडे, खुर्चीत, एसीत;
तारेला हात लावणारा वादळात खांबावर चढतो.
मशीन लॅबचे तोडणकर सर म्हणतात,
अर्ध्या हळकुंडानं पिवळे होऊ नका,
आधी तीन फेज नीट कळू देत.
दोघांचंही मला पटतं,
डबा खाऊन होईपर्यंत.

फॅक्टरीत नवं पॅनेल. काचेचं, बोटानं चालणारं.
कॉम्प्रेसर दर थोड्या वेळानं बंद पडतोय,
बाहेर सुरमईचे दोन टेम्पो,
रखांगेशेठ कधी टेम्पोकडे, कधी आमच्याकडे.
पपांनी मेगर लावला. काटा सरळ अनंताला टेकला.
मोटरीत दोष नाही, म्हणाले,
आणि पॅनेलसमोर असे उभे राहिले
जसं कुणी देवळात चपला घालून आलंय.

मग मी. केबल, लॅपटॉप, दीड सेमिस्टरचं ज्ञान.
शिडीसारखा प्रोग्राम, एकेक पायरी उतरत गेले.
सतराव्या पायरीवर सापडलं:
तापमान नव्वदच्या वर, तर थांब.
आणि पडद्यावर ब्याण्णव होतं.
पपा, प्रोग्राम बरोबर आहे, मी म्हटलं,
जरा जास्तच खुशीत.
शेठ म्हणाले, मग हात लाव की पोरी पाइपाला.
लावला.
चहाच्या पेल्याइतका गरम. फार तर.

पपा त्या आकड्याच्या वायरीमागे निघाले,
टॉर्च दातात, पाणी घोट्यापर्यंत,
थेट मागच्या भिंतीशी,
जिथे फुटक्या तावदानातून बारा महिने खारं वारं आत येतं.
डबीचं झाकण काढलं. टर्मिनल हिरवं.
नखानं खरवडलं, जिभेला लावलं.
मीठ, म्हणाले.

वायर नवी जोडली तरी मी उठले नाही.
एका क्षणात पन्नासचा ब्याण्णव झाला होता
आणि त्या शहाण्याला शंकासुद्धा आली नव्हती.
अठरावी पायरी लिहिली:
आकडा असा उडी मारून आला
तर भोंगा वाजव, माणसाला विचार.
पपांनी वाचून दाखवायला सांगितलं.
दोनदा.

परतताना एसटीत फॉर्म उघडला.
बर्फाच्या पाण्यानं एक कोपरा मऊ झालेला, सुरमईचा वास.
तिसऱ्या मजल्यावर खूण केली,
आणि तोडणकर सरांना विचारायचं ठरवलं
की त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसू द्याल का,
हजेरीशिवाय.

स्टँडवर सोडायला आलेले पपा
गाडी सुटता सुटता खिडकीशी म्हणाले होते,
आणि काय गं,
त्या तिसऱ्या मजल्यावर
जिभेला लावून बघायला काय देतात?